नाटक वाचताना कंस गाळू नका!

नाटक वाचताना आपण संवाद वाचतो आणि कंसातल्या सूचनांवरून नजर घसरू देतो. खरी गंमत तिथेच असते, मंडळी!

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' घ्या. १९८५ साली विजया मेहतांनी ते रंगमंचावर आणलं. धरणगावकर देशपांड्यांचा वैदर्भी वाडा, तात्याजींचं निधन, दिवसांसाठी जमलेलं कुटुंब. आणि दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर. येता-जाता माणसं त्याला ठेचकाळतात, पण तो कुणी हलवत नाही. जमीनदारी मोडली आणि नवी शेती जमली नाही, हे त्या लोखंडाच्या धुडातूनच कळतं, भाषणाची गरज उरत नाही.

आता दादीकडे, म्हणजे तात्याजींच्या आईकडे बघा. मुलगा गेलाय, तरी ती त्याला, तिच्या व्यंकटेशला, हाका मारत राहते. तिच्यापुरता काळ थांबलाय.

करून बघा: पहिलं वाचन गोष्टीसाठी. दुसऱ्यात पेन्सिल घेऊन पुन्हा पुन्हा येणाऱ्या वस्तू, हाका, शांतता यांवर खुणा. तिसऱ्यात एकच प्रश्न: हे काढलं तर नाटकाचं काय बिघडेल?

समीक्षा वाचायची ती यानंतर. मग समीक्षकाशी भांडताही येतं!

तुमच्या आवडत्या नाटकातली अशी 'न बोलणारी' वस्तू कोणती?