हिंगणीजवळचं जंगल आणि दहा ओळींचा प्रोग्राम

हिंगणीजवळचं बोर अभयारण्य २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. वाघ मोजायचे तर आधी जंगलात लावायचे कॅमेरे तपासायला हवेत: घड्याळ बरोबर आहे का, बॅटरी टिकते का, फोटो निघतो का.

देशभरच्या २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते. फोटो आले ३ कोटी ४८ लाखांवर!

इतक्या कॅमेऱ्यांच्या तपासणीचा तक्ता संगणकावर असेल, तर हिशेबाला पायथॉन या संगणकभाषेतल्या दहाएक ओळी पुरतात. प्रोग्राम एकेक नोंद वाचतो आणि त्या कॅमेऱ्याच्या खात्यात ‘पास’ किंवा ‘नापास’चा आकडा एकाने वाढवतो. मात्र ‘नापास’ आणि ‘ना पास’ त्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. म्हणून नोंदी आधी एकसारख्या करणं फार गरजेचं.

मग ‘नापास’चे आकडे उतरत्या क्रमाने लावले, की वारंवार बिघडणारा कॅमेरा यादीत सगळ्यात वर दिसतो.