छिद्र पाडण्याआधी

जुनं हाड दिसण्यावरून ओळखता येत नाही. टणक, जड, टिचकी मारली तर खणखणीत वाजणाऱ्या मांडीच्या हाडातलं कोलॅजन कधीच झिरपून गेलेलं असतं, आणि शेजारच्या मळकट, चिरा पडलेल्या बरगडीत ते शाबूत निघतं. कार्बन-14 पद्धतीनं काळ ठरवायचा तर हे कोलॅजन हवं. ते काढायला हाडाचा तुकडा आम्लात विरघळवावा लागतो. आत काहीच नसेल, तर हाडही गेलं आणि उत्तरही नाही. म्हणून आधी अवरक्त किरणांची तपासणी.

तिला काही मिलिग्रॅम भुकटी पुरते. वरचा थर खरवडून टाकायचा, आतला कण अकीकच्या खलात घोटायचा आणि यंत्रावरच्या इवल्याशा हिऱ्यावर ठेवून वरून दाबायचा. त्याआधी रिकाम्या हिऱ्याचा आलेख घेतात. यंत्रावर वाकून श्वास सोडला, तरी आलेखात 2350 जवळ (तरंगसंख्या, प्रति सेंटिमीटर; आलेखावरच्या पुढच्या जागाही याच मापात) कार्बन डायऑक्साइडचा उंचवटा येतो. म्हणून त्या मिनिटभरात तिथे कुणी बोलत नाही. काम झाल्यावर भुकटी परत कुपीत भरता येते. मला या पद्धतीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

पडद्यावर रेघ उमटते. 1035 च्या आसपासचा उंच सुळका फॉस्फेटचा, म्हणजे हाडातल्या खनिजाचा. 1650 जवळचा कोलॅजनचा. दुसऱ्याची उंची पहिल्याच्या तुलनेत किती, यावरून कोलॅजन किती उरलं असेल याचा अंदाज बांधतात. पण माझी नजर आधी उजवीकडे, 605 आणि 565 च्या जोडीकडे जाते. या दोन शिखरांच्या उंचीची बेरीज करून त्यांच्यामधल्या दरीच्या उंचीनं भागायचं. ताज्या हाडात हा आकडा तीनच्या आसपास किंवा त्याखाली असतो. मातीत पडून, पाणी मुरून खनिजाचे बारीक स्फटिक विरघळतात, पुन्हा मोठे आणि नीटनेटके होऊन बसतात; दोन शिखरं अलग होत जातात आणि आकडा चढतो. जळलेल्या हाडात तो आणखी वर जातो, कार्बोनेट उडून जातं. त्यामुळे आकडा चढला की हाड मातीनं बदललं की आगीनं, हेही तपासावं लागतं. घोटण्यानंही तो बदलतो. जास्त घोटलं तर खाली येतो, म्हणून प्रत्येक नमुना सारखाच बारीक करून चाळायचा. हे कंटाळवाणं काम आहे, पण त्यात हयगय झाली तर दोन हाडांची तुलनाच करता येत नाही.

आलेख फसवतोही. 1650 च्या जागी हाडात मुरलेलं पाणीही दिसतं, म्हणून ओलसर नमुना कोलॅजन भरपूर असल्याचा आव आणतो. चुनखडीच्या मातीतलं हाड असेल तर कॅल्साइट 712 वर बारीकसा खिळा रोवतं. आणि 1740 जवळ काही उठलं, तर मी पेटीवरची जुनी चिठ्ठी शोधते. पूर्वी ठिसूळ हाडं सांधायला, बळकट करायला पॉलिव्हिनिल अॅसिटेट सर्रास वापरत. त्यातला कार्बन काढून टाकला नाही तर काळ चुकीचा निघतो.

हे सगळं इतक्या आस्थेनं का करायचं? शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावात ताम्रपाषाण काळातल्या लोकांनी आपली मेलेली लेकरं घराच्याच जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यांत पुरली. तान्ह्या मुलाची बरगडी काडीएवढी. काळ ठरवण्यासाठी तिच्यातून एक ग्रॅम मागणं म्हणजे जवळजवळ सगळी मागणं. हरियाणातल्या राखीगढीच्या सांगाड्यांमधल्या डीएनएवरचा 2019 मधला शोधनिबंधही मला वारंवार आठवतो: 61 नमुने तपासले, एकाच स्त्रीचा जनुकीय आराखडा हाती आला. अवरक्त तपासणी डीएनएची हमी देत नाही, हे खरं. पण कुठल्या हाडाला हात लावू नये, याचा निदान कौल ती देते आणि तो ऐकायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

कौल वाईट आला तर हाड पेटीत परत जातं. सोबत आलेखाची प्रत, जोडशिखरांचा तो आकडा आणि नमुना हाडाच्या कुठल्या बाजूनं घेतला याची नोंद, म्हणजे पुढच्या संशोधकाला तिथं पुन्हा छिद्र पाडावं लागणार नाही.