विद्रावके आणि त्वचेची अ‍ॅलर्जी

धोब्याने कपड्यांवर खूण करावयाची ती बिब्ब्याच्या काळ्या रसाने, ही भारतातील जुनी रीत होती. तो रस कित्येकांना ‘उतत’ असे, म्हणजे त्वचेवर पुरळ व फोड उठत; कित्येकांना मात्र काहीच होत नसे. भारतातील अमेरिकन सैनिकांना अशा खुणांमुळे झालेल्या त्वचादाहाचे वर्णन १९४३ साली प्रसिद्ध झाले. रंगाऱ्याच्या हातास रोज लागणाऱ्या टर्पेंटाइनविषयीही असाच प्रश्न उपस्थित होतो.

टर्पेंटाइन हे विद्रावक, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळविणारे द्रव्य होय. ते त्वचेतील स्निग्धांश काढून घेते. त्यामुळे हात कोरडे पडून भेगाळतात. हा केवळ क्षोभ असून तो कोणासही होऊ शकतो. अ‍ॅलर्जीचे स्वरूप निराळे आहे. तीत पदार्थाचे लहान रेणू त्वचेतील प्रथिनांशी जोडले जातात आणि शरीराच्या रक्षक पेशी त्यांना परके म्हणून ओळखून ठेवतात. पुढे अल्पसा स्पर्शही एकदोन दिवसांत पुरळ उत्पन्न करतो. ही ओळख बहुधा जन्मभर टिकते. म्हणून कारागिरास प्रसंगी धंदाच सोडावा लागतो.

हा भेद ओळखण्यासाठी याडासोन यांनी १८९५ साली पट्टी-परीक्षा प्रचारात आणली. पदार्थ सौम्य करून पाठीवर पट्टीखाली ४८ तास ठेवतात. पट्टी काढल्यावर त्वचा पाहतात व एकदोन दिवसांनी पुन्हा पाहतात. क्षोभ बहुधा ओसरू लागतो. अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया टिकते किंवा वाढते.

नव्या पदार्थाची परीक्षा माणसावर करून चालत नाही. २००२ साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेल्या पद्धतीत तो उंदराच्या कानावर लावून जवळच्या लसीका ग्रंथींतील पेशींची वाढ मोजतात; ती तिप्पट झाल्यास पदार्थ अ‍ॅलर्जीकारक ठरतो. २०२१ साली प्राण्यांवाचूनची पद्धतही मान्य झाली. तीत पदार्थ प्रथिनांच्या तुकड्यांशी जोडला जातो काय आणि त्याने संवर्धित पेशी चेतविल्या जातात काय, हे तपासतात.

परंतु परीक्षेस घेतलेला नमुना ताजा की जुना, हेही पाहिले पाहिजे. हिमालयातील चीड वृक्षाच्या टर्पेंटाइनमध्ये कॅरीन हा घटक बराच असतो. हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पेरॉक्साइडे बनतात, आणि खरी अ‍ॅलर्जीकारक द्रव्ये तीच, असे स्वीडनमधील संशोधकांनी १९५० नंतरच्या दशकात दाखविले. ताज्या नमुन्याच्या परीक्षेवरून जुन्या, अर्ध्या रिकाम्या डब्यातील द्रव निर्धोक ठरत नाही. म्हणून टर्पेंटाइनचे डबे लहान व घट्ट झाकणाचे असावेत, आणि हात धुण्यास साबणच वापरावा.