गट नंबरची तारीख होते तेव्हा: वंशावळीचे कागद एक्सेलमध्ये कसे मांडायचे?

जातीचा दाखला काढायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "वंशावळ आणलीय का?" मग घरात शोधाशोध सुरू होते. पणजोबांचं नाव माहीत असतं, त्यांच्या वडिलांचं थोरल्या चुलत्यांना विचारावं लागतं आणि त्यापुढे सगळेच अडकतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हापासून तर गावोगावी जुने कागद बाहेर निघू लागले.

कागद मिळतात, पण गोंधळ तिथूनच सुरू होतो. शाळेचा प्रवेश निर्गम उतारा एका भावाच्या मोबाइलमध्ये, फेरफार दुसऱ्याच्या कपाटात, कोतवाल बुकाची नक्कल व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठेतरी वर गेलेली. हे सगळं एका जागी आणायला एक्सेल किंवा गूगल शीट पुरेशी आहे. फक्त मांडणी नीट हवी.

बहुतेक जण एका ओळीत एक माणूस लिहितात. त्याऐवजी एका ओळीत एक नोंद लिहावी. कारण एकच माणूस शाळेत 'रामा', सातबाऱ्यावर 'रामचंद्र' आणि कोतवाल बुकात 'रामजी' असू शकतो. किंवा ते तीन वेगळे भाऊही असू शकतात! माणसाची ओळ केली की हा निर्णय टाइप करतानाच होऊन जातो आणि नंतर तो कशावरून केला हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून पहिल्या पानावर फक्त नोंदी. कागदाचा प्रकार, गाव, वर्ष, नाव जसं लिहिलंय अगदी तसं, जात जशी लिहिलीय तशी, कागद कुठल्या कार्यालयात पाहिला आणि फोटोच्या फाइलचं नाव. दुसऱ्या पानावर माणसं. प्रत्येकाला एक क्रमांक, शेजारी वडिलांचा आणि आईचा क्रमांक. नोंद कुणाची हे पटलं की पहिल्या पानावर त्या माणसाचा क्रमांक टाकायचा. पटलं नाही तर रकाना रिकामा ठेवायचा. वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते, त्यामुळे रिकामा रकाना परवडतो, अंदाजाने भरलेला नाही.

वर्षाचा रकाना तर सगळ्यात महत्त्वाचा. जातीच्या पुराव्यासाठी मानीव दिनांक ठरलेले आहेत: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. वर्षाप्रमाणे क्रम लावला की कामाचे कागद एका झटक्यात वर येतात.

आता एक्सेलच्या खोड्या. गट नंबर १२/३ इंग्रजी अंकांत टाइप करून पाहा, एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. 'सातबारा' असं अक्षरात न लिहिता आकड्यात लिहिलं तरी तेच. उपाय सोपा आहे, टाइप करण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करून ठेवायचा. दुसरी खोडी जास्त त्रासदायक. एक्सेलचं कॅलेंडर १९०० पासून सुरू होतं. १८८७ सालची तारीख त्याला तारीख वाटतच नाही, म्हणून क्रम बिघडतो. दिवस, महिना आणि वर्ष वेगवेगळ्या रकान्यांत लिहिले की प्रश्न मिटतो.

मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण कळतो, म्हणजे फसली १३४० हे १९३०-३१ च्या आसपासचं. शकात ७८ मिळवायचे. पण मूळ आकडा पुसायचा नाही, बदललेला शेजारच्या रकान्यात लिहायचा. मोडी कागदाचंही तसंच, वाचन कुणी करून दिलं तेही नोंदवावं.

आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत. त्यामुळे गणपत विठोबा, मग विठोबा गणपत, मग पुन्हा गणपत विठोबा असं चालतं आणि दोन पिढ्यांचा एकच माणूस होऊन बसतो. हे पकडायला मुलाच्या जन्मवर्षातून वडिलांचं जन्मवर्ष वजा करणारा एक रकाना करावा. उत्तर ८ आलं किंवा ७० आलं, तर मधली एखादी पिढी हरवलीय किंवा माणूस चुकलाय. मात्र शाळेतली जन्मतारीख १ जून असेल तर तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. ती बऱ्याचदा गुरुजींनी आपल्या सोयीने लिहिलेली असते.

बायकांची नावं मात्र हमखास गळतात. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदलायची रीत होती, म्हणून माहेरचं नाव, सासरचं नाव आणि माहेरचं गाव असे तीन रकाने हवेत. ही नावं शोधायची उत्तम जागा म्हणजे वारस नोंदीचा फेरफार. जमिनीला वारस लावताना विधवा आणि मुलींची नावं अनेकदा तिथे सापडतात.

शीट भावकीत वाटताना लिंक 'फक्त पाहण्यासाठी' ठेवावी. बदल एक-दोघांनीच करावेत, आणि हयात माणसांचे आधार क्रमांक त्यात अजिबात नसावेत.

शेवटचं एक पान न सापडलेल्या नोंदींचं. कुठल्या शाळेचं रजिस्टर, कुठल्या वर्षांपासून कुठल्या वर्षांपर्यंत पाहिलं, कोणती पानं फाटलेली होती. हे लिहिलेलं नसलं की दोन वर्षांनी दुसरा भाऊ रजा काढून त्याच रजिस्टरपाशी जाऊन बसतो.