बधिर हातांना हस्तकलेचे शिक्षण

कुष्ठरोग रुग्णालय म्हटले की औषधे, मलमपट्टी व शस्त्रक्रिया हेच चित्र डोळ्यांसमोर येते. मात्र अशा रुग्णालयाच्या आवारात किंवा शेजारच्या खेड्यात हातमागाची, सतरंजीची अथवा सुतारकामाची लहानशी कार्यशाळाही पुष्कळदा आढळते. रुग्ण औषधाने बरा होत असताना त्याला हस्तकला शिकविण्याचा खर्च रुग्णालयाने का करावा, असा प्रश्न दात्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या आजाराच्या स्वरूपातच आहे.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. हा जंतू त्वचेबरोबरच हातापायांच्या मज्जातंतूंना इजा करतो. १९८२ पासून रूढ झालेल्या बहुविध औषधोपचाराने ६ ते १२ महिन्यांत रुग्ण रोगमुक्त होतो व ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. परंतु उपचारास उशीर झाला असल्यास मज्जातंतूंची हानी बहुधा भरून येत नाही. कोपराजवळचा मज्जातंतू निकामी झाला की करंगळी व अनामिका आत वळतात, त्या भागाची संवेदना जाते, घाम येणे थांबते आणि कोरड्या त्वचेला भेगा पडतात.

या रोगात बोटे आपोआप झडतात, असा समज पूर्वी होता. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या कामातून हा समज दूर झाला. वेदना कळत नसल्याने रुग्णाचा हात भाजतो, कापतो, घासतो आणि दुर्लक्षित जखमा चिघळून बोटे आखूड होतात, हे त्यांनी दाखवून दिले. स्नायूची कंडरा दुसरीकडे जोडून वाकलेली बोटे सरळ करण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी विकसित केली. तथापि सरळ झालेला हातही बधिरच असतो. तो सुरक्षितपणे वापरण्याचे शिक्षण मिळाले नाही, तर शस्त्रक्रियेचे श्रम वाया जाऊ शकतात. कार्यशाळेचे खरे काम येथून सुरू होते.

निरोगी विणकराला धोटा घट्ट धरला की सैल, हे बोटांनीच कळते. बधिर हाताला ते कळत नाही, म्हणून तो गरजेपेक्षा अधिक जोर लावतो. अशा शिकाऊ कारागिराला स्पर्शाचे काम डोळ्यांनी करावयास शिकावे लागते. बारीक मुठीवर सर्व दाब एकाच जागी येतो, म्हणून अवजारांच्या मुठी जाड करून त्यांवर कापड गुंडाळतात. पावड्या दाबणाऱ्या बधिर पायांसाठी मऊ रबराच्या चपला लागतात. प्रारंभी कांड्या भरणे, नंतर साधे पट्टे विणणे आणि हात सरावल्यावर नक्षी, असा क्रम ठेवता येतो. मधूनमधून काम थांबवून हात तपासावे लागतात. एखादी जागा लाल किंवा गरम लागली, तर त्या हाताला विश्रांती देणे आवश्यक ठरते. रोज हात पाण्यात भिजवून तेल लावणे हाही शिक्षणाचाच भाग होय. त्यामुळे येथे विणकामाचा वेग कमी असतो. हा आळस नव्हे. त्या वेळात बोटे वाचविली जात असतात.

महाराष्ट्राला या कार्याची मोठी परंपरा आहे. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेस प्रारंभ केला. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना करून वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. तेथे हातमागाचे कापड, सतरंज्या व शुभेच्छापत्रे रोगमुक्तांच्या हातून तयार होत आली आहेत. दया नको, काम हवे, ही त्यामागील भूमिका आहे.

विणलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळणे ही मात्र वेगळी परीक्षा असते. उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्गाचा धोका लवकरच संपतो आणि रोगमुक्त व्यक्तीने विणलेल्या सतरंजीतून हा रोग पसरत नाही, तरीही भीती उरते. कायद्याने आपली बाजू बरीच सुधारली आहे. १८९८ चा कुष्ठरोगीविषयक कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि २०१९ च्या दुरुस्तीने हा रोग विविध वैयक्तिक कायद्यांत घटस्फोटाचे कारण राहिला नाही. मनातील कायदा बदलणे अद्याप बाकी आहे. भारतात आजही दरवर्षी सुमारे १ लाख नवे रुग्ण आढळतात.

विश्वस्तांनी व दात्यांनी अशा कार्यशाळेचे मूल्यमापन केवळ विक्रीच्या आकड्यांवरून करू नये, ही नम्र विनंती. किती हात वर्षभर जखमेविना राहिले, हाही तिच्या हिशेबातील जमेचा आकडा मानावा. रुग्णांच्या नातेवाइकांनी घरी चुलीपाशी व शेतात त्यांच्या हातापायांकडे लक्ष द्यावे, बधिर चट्टा दिसताच तपासणी करून घ्यावी आणि परतलेल्या माणसाला त्याच्या कामासह घरात जागा द्यावी. कार्यशाळेने वाचविलेले हात पुढे सांभाळणे हे घराचे काम आहे.