बारानाजा

गढवालच्या डोंगरउतारावर कुटुंबाची शेती पायऱ्यापायऱ्यांची, आणि पाणी बहुधा पावसाचेच. अशा शेतात मंडुआ, म्हणजे आपली नाचणी, आणि तिच्यासवे राजगिरा, राजमा, उडीद, हुलगा ही धान्ये एकत्र पेरण्याच्या पद्धतीस ‘बारानाजा’ म्हणतात. संख्या मात्र बाराच असते असे नाही. ही अडाणी सरमिसळ नव्हे. राजम्याचा वेल राजगिऱ्याच्या ताटावर चढतो, कडधान्ये जमिनीस नत्र पुरवितात. पाऊस ओढला तर एखादे पीक जाते, सारी जात नाहीत. नाचणी तर कणगीत वर्षानुवर्षे टिकते. १९८० च्या दशकात त्यांच्या जागी सोयाबीनचा प्रचार झाला. ते बाजारात जाई. घरच्या चुलीस त्याचा उपयोग थोडाच. तेव्हा टिहरी जिल्ह्यातील हेंवल खोऱ्याच्या शेतकऱ्यांनी ‘बीज बचाओ आंदोलन’ उभारले आणि गावोगाव हिंडून जुने बियाणे जमविले.