फेविक्विक बोटाला लगेच चिकटतं, मग ट्यूबच्या आत का चिकटत नाही?

चष्म्याची काडी मोडली, कपाचा कान तुटला किंवा खेळण्यातल्या गाडीचं चाक निघालं, की घरात एकच प्रश्न विचारला जातो, "फेविक्विक आहे का?" आणि वस्तू जोडता जोडता आपली दोन बोटंच एकमेकांना चिकटतात! हा अनुभव तुम्हीही घेतला असेलच. पण हाच गोंद ट्यूबमध्ये असताना मात्र पातळच्या पातळ कसा राहतो?

आपण म्हणतो, हा गोंद लवकर वाळतो. खरं तर तो वाळतच नाही. डिंक किंवा फेविकॉलमधलं पाणी उडून गेलं की ते घट्ट होतात, म्हणून त्यांना वेळ लागतो. झटपट गोंदाचं नेमकं उलटं आहे. त्याला घट्ट व्हायला ओल लागते!

या गोंदात सायनोअॅक्रिलेट नावाचं रसायन असतं. हवेतली किंवा वस्तूवरची अगदी किंचित ओल मिळाली, तरी त्याचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांच्या लांबलचक साखळ्या बनतात. काही सेकंदांत पातळ द्रवाचं कडक प्लास्टिक होतं. बंद ट्यूबमध्ये ही ओल नसते, शिवाय ही क्रिया रोखण्यासाठी थोडं आम्ल मिसळलेलं असतं. आपल्या बोटांवर मात्र कायम घामाचा ओलावा असतो. पावसाळ्यात उघडी राहिलेली ट्यूब दगडासारखी होते, तीही याच ओलीमुळे.

गंमत म्हणजे हे रसायन आधी नकोसं झालं होतं. अमेरिकेतल्या ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर हे शास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हे रसायन सगळ्यालाच चिकटतं म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. 1951 मध्ये त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी तेच रसायन तपासताना एका महागड्या उपकरणाचे लोलक चिकटवून टाकले. तेव्हा कूव्हर यांना त्याचा खरा उपयोग लक्षात आला आणि 1958 मध्ये हा गोंद बाजारात आला.

आज गुन्ह्याच्या तपासात याच्या वाफेने बोटांचे अदृश्य ठसे पांढरे करून दाखवले जातात. डॉक्टरही काही जखमा टाक्यांऐवजी गोंदाने बंद करतात. पण तो खास वैद्यकीय गोंद असतो. घरातली ट्यूब जखमेवर लावू नका!

आता कामाच्या गोष्टी:

– थेंब कमीच वापरा. जाड थरात आतपर्यंत ओल पोहोचत नाही आणि जोड कच्चा राहतो.

– पॉलिथीन आणि टेफ्लॉनवर हा गोंद टिकत नाही. जोड सरळ ओढला तर घट्ट राहतो, पण आपटला किंवा सोलून काढला तर सुटतो.

– सांडलेला गोंद कापसाने किंवा सुती कपड्याने पुसू नका. कापसावर ही क्रिया इतकी वेगाने होते, की उष्णतेने त्वचा भाजू शकते.

– बोटं चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा. अॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हरही चालतं.

– डोळ्यात गेलं तर रिमूव्हर अजिबात वापरू नका. पापण्या चिकटल्या तरी ओढू नका. पाण्याने धुवा आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

ही शेवटची गोष्ट उगाच सांगितलेली नाही. डोळ्यात घालायचं औषध समजून लोकांनी हा गोंद डोळ्यात घातल्याच्या घटना खरोखर घडल्या आहेत, कारण दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. त्यामुळे आज घरी गेलात की एक काम करा. ही ट्यूब औषधांच्या डब्यात असेल तर आधी तिथून काढा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवा.